स्वस्ताई कोणासाठी?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



स्पर्धेने भाव उतरतात, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. किराणा व्यापारात आज ते काही प्रमाणात घडतही आहे. मात्र भाव कोणासाठी उतरतात, हा आपला प्रश्न आहे.

२००२ साली पवईत डी-मार्टचे पहिले दुकान निघाले. घाऊक खरेदी आणि मालाची झपाट्याने विक्री यांवर तेथील स्वस्ताई उभी आहे. परंतु तिचा लाभ घ्यायचा तर गिऱ्हाइकापाशी महिन्याच्या सामानाचे पैसे एकरकमी हवेत, ते वाहून नेण्याची सोय हवी आणि साठवायला घरात जागा हवी. रोजंदारीवरच्या बाईपाशी यांतले काय असते? ती संध्याकाळी पावकिलो डाळ आणि दहा रुपयांचे तेल नेते, तेही पुष्कळदा उधारीवर. दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या छोट्या खरेदीवर वेगळा आकार लावतात. तिची वही त्या ठेवीत नाहीत.

कोपऱ्यावरचा वाणी तिला उधार देऊ शकतो तो महिन्याचे सामान नेणाऱ्या पगारदारांच्या जोरावर. ते गिऱ्हाईक गेले की भाड्याचा आणि विजेचा बोजा उरलेल्यांवर पडतो. उधारी आटते, भाव चढतो, अखेर फळी बंद होते. एकाची बचत आणि दुसऱ्याची उपासमार ही एकाच स्पर्धेची दोन फळे ठरू शकतात.

येथे वाण्याचा कैवार घेण्याचे कारण नाही. मापात मारणे आणि उधारीवाल्याकडून चढा भाव घेणे आपण जाणतो. १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी ‘अपना बाजार’ ही ग्राहक सहकारी संस्था उभारली, ती रास्त भावात चोख माल मिळावा म्हणूनच.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यानुसार, तोट्यात विकून प्रतिस्पर्ध्याला संपवणाऱ्या कंपनीचे बाजारातील प्रभुत्व आधी सिद्ध व्हावे लागते. तीन-चार धनाढ्य कंपन्या एकाच वेळी तोटा सोसत असतील, तर त्यांतील एकीलाही पकडणे कठीण. ही पळवाट बुजवण्याची मागणी आपण केली पाहिजे.

त्याहून निकडीची मागणी रेशनची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. पण डाळ आणि तेल त्या हक्कात नाहीत, आणि नेमकी त्यांच्यासाठीच ती बाई वाण्याच्या दारी जाते. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल रेशनवर दिले. जे सणाला जमते, ते दरमहा का जमू नये?

तेव्हा आपापल्या वस्तीत जा. किती घरे उधारीवर जेवतात आणि किती दुकाने बंद पडली, याची नोंद करा. लहान दुकानदारांना एकत्र घाऊक खरेदीसाठी सहकारात आणा. बाजार खिसा पाहून वाढतो. भूक पाहून वाढणारी व्यवस्था आपल्यालाच उभी करावी लागेल.