नवस फेडणारा शिपाई : सामाजी हसाजी दिवेकर
(झूटरमेर, नेदरलँड्स येथे जमलेल्या बेने इस्राएल कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आपल्या मशिदीच्या वर्धापनानिमित्त एका लष्करी माणसाची आठवण जागवावी, असे मला सांगण्यात आले. आपल्या जमातीत हे काम सोपेही आहे आणि अवघडही. सोपे अशासाठी की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे सुभेदार आजोबा, हवालदार मामा किंवा पेन्शनर काका होऊन गेले आहेत. पहाटे उठून दाढी करणारे, बुटांना स्वतः पॉलिश करणारे, आणि शुक्रवारी दिवा लागण्याआधी सगळी मुले घरात आली की नाही हे मोजणारे. अवघड अशासाठी की कोणाचे नाव घ्यावे आणि कोणाचे गाळावे? म्हणून या सर्वांच्या आधी होऊन गेलेल्या शिपायाविषयी मी बोलणार आहे. त्यांचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू नाव शमुएल बेन यहेज्केल.

प्रथम नावाविषयी. आपल्या पूर्वजांनी शमुएलचे सामाजी केले, यहेज्केलचे हसाजी केले, इसहाकचे इसाजी केले, आणि गावावरून आडनाव घेतले. दिवेचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. कोकणच्या मातीत आपण इतके मिसळलो होतो की शेजारी आपल्याला शनवार तेली म्हणत. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, एवढीच त्यांना आपली ओळख.

आता एक गोष्ट सांगते, जी या देशात राहणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कोचीनमध्ये एझेकिएल राहबी नावाचे मोठे यहुदी व्यापारी होते. त्यांनी १७६८ साली हेग शहरातील टोबियास बोआस या यहुदी सावकाराला एक पत्र लिहिले. झूटरमेरहून ट्रामने अर्ध्या तासात आपण पोहोचतो, तेच हे हेग. त्या पत्रात आपला उल्लेख आहे. मराठ्यांच्या मुलखात बेने इस्राएल नावाचे लोक राहतात, ते तेलाचे घाणे चालवतात, काही जण शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात आणि शेमा म्हणतात, परंतु धर्माचे याहून अधिक त्यांना ठाऊक नाही, अशा आशयाचा तो मजकूर आहे. आपल्याविषयी लिहिलेल्या जुन्या हकिकतींपैकी ही एक, आणि ती या प्रांतात येऊन पोहोचली होती.

या पत्रात "शिपाई" हा शब्द आहे, याकडे लक्ष द्या. मुंबईला कंपनी सरकारच्या फलटणी उभ्या राहिल्या तेव्हा कोकणातले आपले तरुण त्यांत भरती झाले. सामाजी त्यांपैकीच. त्यांचे बंधू इसाजी हेही लष्करात होते. सामाजी देशी अंमलदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. १७८० ते १७८४ या काळात कंपनी सरकारचे म्हैसूरशी दुसरे युद्ध झाले. त्या युद्धात सामाजी टिपू सुलतानाच्या हाती कैदी म्हणून सापडले.

पुढची हकीकत आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कैद्यांना सुलतानापुढे उभे केले. जात कोणती म्हणून विचारले. सामाजींनी उत्तर दिले, बेने इस्राएल. हे नाव टिपूच्या मातोश्रींच्या कानावर गेले. कुराणात बनी इस्राईल म्हणून ज्यांचा वारंवार उल्लेख येतो ते लोक आपल्या डोळ्यांनी आपण प्रथमच पाहत आहोत, तेव्हा त्यांना मारू नये, असे त्या म्हणाल्या, आणि जीव वाचला. ही परंपरेने आलेली गोष्ट आहे. ती मला आवडते याचे कारण असे, की त्या माणसाने मरण समोर असताना आपले नाव लपवले नाही. वाचवणारी स्त्री दुसऱ्या धर्माची होती, हेही आपण मुलांना सांगायला हवे.

कैदेत असताना सामाजींनी नवस केला की जिवंत घरी गेलो तर देवाच्या नावाने मशीद बांधीन.

मी सारा जन्म वॉर्डात काढला. रात्रपाळीला रुग्णाच्या उशाशी बसून किती नवस ऐकले असतील याची मोजदाद नाही. ताप उतरला, टाके निघाले, घरी जायची चिठ्ठी मिळाली, की नवस निम्मा विसरला जातो. यात कोणाला दोष नाही; बरे झालेल्या माणसाला संसार पुन्हा ओढून नेतो. शिवाय त्या काळच्या युद्धात गोळीपेक्षा ताप आणि हगवण यांनीच अधिक शिपाई दगावत. त्यातून परतलेल्या माणसाने उरलेले दिवस बायकामुलांत निवांत काढले असते तर त्याला कोण बोलणार होते?

मंगळूरचा तह १७८४ साली झाला आणि युद्ध संपले. मुंबईच्या मांडवी भागात आपली पहिली मशीद उभी राहिली ती १७९६ साली. म्हणजे मध्ये बारा वर्षे गेली. बारा वर्षे एका माणसाने तो शब्द मनात धरून ठेवला. त्या मशिदीचे नाव शाआर हारहामीम, दयेचे द्वार. ज्याला दया मिळाली त्याने तेच नाव दाराला दिले. तोपर्यंत आपले लोक घराघरांतून प्रार्थना करीत. लग्न, सुंता, मलिदा, सारे घरीच. सगळ्या जमातीने एका छपराखाली उभे राहावे अशी जागा त्यांनी प्रथम करून दिली. राहबींच्या पत्राला तेव्हा फक्त अठ्ठावीस वर्षे झाली होती.

मशीद झाली, परंतु तेवढ्याने सामाजी थांबले नाहीत. मशिदीला सेफेर तोरा हवा होता, आणि तो मिळण्याचे ठिकाण म्हणजे कोचीन. १७९५ मध्ये ते शहर डचांच्या हातून इंग्रजांकडे गेले होते. सामाजी त्या प्रवासाला निघाले, आणि १७९७ साली कोचीनमध्येच त्यांचा अंत झाला. स्वतः उभारलेल्या मशिदीत त्यांना पुरते एक वर्षही बसायला मिळाले असेल नसेल. परंतु काम अडले नाही. भाऊबंदांनी आणि जमातीने ते सांभाळले. १८६० साली मशीद मोठी करून आजच्या जागी आणली गेली. ज्या रस्त्यावर ती आहे त्याला त्यांच्यावरूनच सॅम्युअल स्ट्रीट हे नाव पडले. जवळच्या रेल्वे स्टेशनला मशीद म्हणतात तेही आपल्या जुन्या मशिदीवरूनच, असे सांगतात. रोज लाखो लोक त्या स्टेशनवर उतरतात, त्यांना हे ठाऊक नसते. आपल्या नातवंडांना तरी ठाऊक असावे.

सामाजींनंतर शिपाईगिरीची परंपरा शंभर वर्षे चालली. आपले सुभेदार-जमादार फलटणीबरोबर पुणे, अहमदाबाद, कराची असे हिंडले. बायकामुले बरोबर असत, आणि जिथे दहा पुरुष जमले तिथे मिनयान उभा राहिला. कोणी पेन्शन घेऊन कोकणात परतले, तर कोणी छावणीच्या गावीच घर केले. पुढे लष्करात जातवार फलटणी झाल्या. आपली जमात लहान, आपली स्वतंत्र कंपनी होण्याइतके लोक नाहीत, म्हणून भरती घटली आणि आपण रेल्वे, पोस्ट, कचेऱ्या आणि इस्पितळांकडे वळलो. तरीही सेवा सुटली नाही. १९६५ च्या युद्धात भारतीय नौदलाच्या ताफ्याचे नेतृत्व करणारे बी. ए. सॅमसन हे आपल्याच जमातीतले.

"तुम्ही खरे यहुदी का?" हा प्रश्न आपल्याला राहबींच्या काळापासून पुसला गेला. इस्राएलमध्येही पुसला गेला. १९६४ साली तेथील सरकारने आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असे जाहीर केले, तेव्हा कुठे तो वाद मिटला. मला वाटते, त्याचे उत्तर सामाजींनी टिपूपुढे उभे राहून केव्हाच दिले होते.

मंडळी, आपण ज्या देशात राहतो तिथे ४ मे रोजी रात्री आठ वाजता सारे लोक दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात. युद्धापूर्वी येथे सुमारे १,४०,००० यहुदी होते. त्यांतले १,००,००० हून अधिक मारले गेले. येथल्या कित्येक गावांत सिनेगॉगच्या भिंती उरल्या आणि माणसे गेली. भारतात आपल्या मशिदींना शेजाऱ्यांनी कधी हात लावला नाही. तिथे भिंती शाबूत आहेत. माणसे मात्र आपल्या पायांनी दूर गेली. म्हणून त्या भिंतींची काळजी घेण्याचे ओझे आपल्यावर अधिक आहे.

माझी एकच विनंती आहे. घरी गेल्यावर एक कागद घ्या. आपल्या घराण्यातल्या लष्करी माणसाचे नाव, वडिलांचे नाव, गाव, फलटण आणि गेल्याची हिब्रू तारीख, जेवढे आठवते तेवढे लिहा. खाली त्याच्या पत्नीचेही नाव लिहा, कारण छावण्या बदलताना संसार तिनेच बांधला आणि सोडला. मराठीत लिहा, आणि मुलांकडून शेजारी डचमध्ये लिहून घ्या. त्या तारखेला हशकाबा म्हणा. आपल्यानंतर हे सांगणारे कोणी नाही, हे आपण सर्व जाणतो.

सामाजी हसाजी दिवेकर आणि आपल्या घरोघरचे ते सारे शिपाई, यांच्या आत्म्यास देव शांती देवो, आणि आपल्या मशिदीचे द्वार पुढच्या पिढ्यांसाठी उघडे ठेवो. आमेन. शालोम.