वेलंकनीचा प्लॅन आणि आईचा राहिलेला नवस

आजचा एपिसोड एका एक्सेल शीटबद्दल आहे. आणि माझ्या आईबद्दल.

आई म्हणाली, "मला वेलंकनीला जायचंय." मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्याच रात्री शीट उघडलं. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून चेन्नईचं विमान, पुढं त्रिची, तिथून टॅक्सी. शनिवारी चर्च आणि समुद्र. रविवारी रात्री घरी. ऑफिसची एकही सुट्टी न घेता! मी फार खूश होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान आहे रे. पण यात मी बसायचं कधी?"

"कुठं बसायचं?"

"माउलीसमोर."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वेलंकनी हे तामिळनाडूत नागपट्टिनमजवळ, अगदी समुद्राकाठचं गाव. तिथं मारियेला आरोग्यमाता म्हणतात. परंपरा सांगते की तिनं तळ्याकाठी दूध घेऊन निघालेल्या एका मुलाला दर्शन दिलं आणि बाळासाठी दूध मागितलं. पुढं ताक विकणाऱ्या एका पांगळ्या मुलाला दर्शन झालं आणि तो चालायला लागला. मग वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला, म्हणजे मारियेच्या जन्मदिनी, किनाऱ्याला लागले आणि त्यांनी तिथं देऊळ बांधलं. हे सगळं सोळाव्या-सतराव्या शतकातलं. त्या काळची लेखी नोंद नाही, तोंडून तोंडी आलेलं आहे. पण १९६२ मध्ये पोपनी या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला. लोक तिला 'पूर्वेकडचं लूर्द' म्हणतात. मूर्तीला साडी नेसवतात, लोक मुंडण करतात, आणि हिंदू-मुसलमान भाविकही येतात.

आमचं मूळ श्रीरामपूर तालुक्यातलं. आई लहानपणापासून सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाते. त्यामुळे तिच्या तोंडी मारिया म्हणजे माउलीच.

आता खरी गोष्ट. एप्रिल २०२१. बाबा ऑक्सिजनवर होते, आम्हाला आत सोडत नव्हते. आई बाहेर फुटपाथवर जपमाळ घेऊन बसायची. तिथंच तिनं नवस बोलला, "हे घरी आले तर आम्ही दोघं वेलंकनीला येऊ." बाबा घरी आले नाहीत.

म्हणून मी तिला म्हणालो, "अगं, अट पूर्ण झालीच नाही, मग नवस फेडायचा कसला?" माझ्या डोक्यात सरळ इफ-एल्स. इफ खोटं निघालं तर पुढचं चालतच नाही.

आई थोडा वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "फेडायला कोण चाललंय? मी येते म्हणून सांगितलं होतं. आणि मला तिला विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"ते माझं आणि तिचं आहे."

मंडळी, खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. तोपर्यंत मला वाटायचं, आईनं ते सगळं मागं टाकलंय. ती रविवारी मिस्साला जाते, शेजारणींशी हसते, माझ्या लग्नाचं डोकं खाते. चार वर्षांहून जास्त काळ ती एक प्रश्न घेऊन फिरतेय आणि मी तिला शनिवार-रविवारचं पॅकेज दाखवत होतो.

मग मी शीट पुसलं आणि आईला शेजारी बसवून पहिल्यापासून भरलं. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

तारीख. २९ ऑगस्टला झेंडा चढतो आणि ८ सप्टेंबरपर्यंत मोठी यात्रा असते. तेव्हा लाखोंची गर्दी. आईला शांतपणे बसायचंय, म्हणून ते दिवस टाळले. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस आणि वादळं असतात. २०१८ च्या नोव्हेंबरात गज चक्रीवादळानं त्याच किनाऱ्याला झोडपलं होतं. आईनंच तारीख दिली, ११ फेब्रुवारी. १८५८ मध्ये याच दिवशी लूर्दला पहिलं दर्शन झालं, आणि १९९३ पासून चर्च हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळतं. ती तारीख तिनं का निवडली, हे मी विचारलं नाही.

प्रवास. विमान नको, रेल्वेच. पुण्याहून चेन्नई, तिथून रात्रीच्या गाडीनं नागपट्टिनम, पुढं दहा-बारा किलोमीटर रस्त्यानं. ८ तारखेला निघायचं, १० ला पोचायचं, त्या दिवशी फक्त आराम. आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे आमच्यासाठी १० डिसेंबरला सकाळी ८ वाजता. अलार्म लावलाय. आणि एक टिप: पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तिकिटावर तरुण माणूस असला की तो मिळत नाही. म्हणून आई आणि मावशीचं तिकीट वेगळं, माझं वेगळं.

११ तारखेच्या रकान्यात एकच शब्द आहे: बसणे.

राहिली ती वाळूची वाट. चर्चपासून तळ्यापर्यंत लोक गुडघ्यांवर जातात. आईचे गुडघे गेलेत, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. मी घाबरत विषय काढला, तर म्हणाली, "मी चालत जाईन. माउलीला माझे गुडघे माहीत आहेत."

मी काय करेन? माझा विश्वास आईएवढा नाही, उगाच खोटं कशाला बोलू. तो रकाना रिकामा ठेवलाय.

तुमच्या घरात कुणाची अशी राहून गेलेली यात्रा असेल, वारी असो, चारधाम, अजमेर किंवा वेलंकनी, तर बुकिंगचं ॲप उघडण्याआधी त्यांना एवढंच विचारा, "तिथं जाऊन तुला काय करायचंय?" आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. मला ते उशिरा कळलं.

फेब्रुवारीत परत आलो की भेटू. काळजी घ्या!