आधी तोंडानं, मग तारेवर



गेल्या महिन्यात आम्ही सिस्टर रोझेटा थार्प या अमेरिकन बाईची गिटार ऐकवली, त्यानंतर बरेच फोन आले. निम्म्या जणींनी विचारलं, एवढं वाजवायला ही शिकली कुठं? याचं पुस्तक असतं का? आणि एका ताईंनी जरा काळजीनं विचारलं. त्यांची कॉलेजातली लेक विजेवरची गिटार घेऊन आलीय. पंधरा दिवस झाले, तोच चार सुरांचा तुकडा, सकाळ-संध्याकाळ. घरातले म्हणतात, ही शिकत-बिकत काही नाही, नुसतं डोकं उठवतेय. बंद करायला सांगू का?

नका सांगू, ताई. तो तुकडा घासणं हेच तिचं शिकणं आहे. ते कसं, हे सांगायला आज अर्धी घटका घेतो.

ही गिटार ज्या गाण्यांतून आली त्यांना ब्लूज म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कापसाची मोठमोठी शेतं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या पिढ्या तिथं राबल्या. गुलामी कायद्यानं १८६५ साली संपली, पण कापूस वेचणारे हात तेच राहिले. रोझेटा १९१५ साली आर्कान्सा राज्यात जन्मली, त्या गावाचं नावच कॉटन प्लांट, म्हणजे कपाशीचं झाड. आईबाप कापूस वेचणारे. आई केटी बेल चर्चमध्ये उपदेश करायची, गायची, मँडोलिन वाजवायची. सहा वर्षांची होईतो रोझेटा आईबरोबर गिटार घेऊन लोकांपुढं उभी राहायला लागली होती. तिची गाणी देवाची, पण गिटारवरचा हात ब्लूजचा. पुस्तकाचा प्रश्न इथंच मिटला. आईचं गाणं, चर्चमधल्या टाळ्या आणि स्वतःचे कान, एवढीच तिची शाळा.

ब्लूजच्या गाण्याचा साचा समजला की पुढचं सगळं सोपं होतं. एक ओळ गायची. तीच ओळ पुन्हा गायची. मग तिसरी ओळ, पहिल्या दोन्हींना उत्तर देणारी. जात्यावर बसलेल्या बाईनं ओळ म्हणायची, जोडीदारणीनं ती उचलून धरायची, तसंच काहीसं. प्रत्येक ओळीला चार-चार ठोक्यांची चार घरं, म्हणजे तीन ओळींची बारा घरं, अठ्ठेचाळीस ठोके. आता गंमत बघा. ओळ गायला साधारण दोनच घरं लागतात. उरलेली दोन घरं मोकळी राहतात, आणि त्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. गाणाऱ्यानं काही म्हटलं, तारेनं त्याला जबाब दिला. पुढं हे जबाब लांबत गेले आणि आख्खी बारा घरं, चोवीस घरं गिटारच एकटी बोलायला लागली. त्यालाच सोलो म्हणतात. म्हणजे सोलो कितीही वेगानं वाजलेला असो, मुळात तो कुणाला तरी दिलेला जबाब आहे. हे विसरून वाजवलं की नुसता गोंगाट होतो, आणि तसं वाजवणारे पुष्कळ आहेत.

बी. बी. किंग हे या वादनातलं फार मोठं नाव. मिसिसिपीत कापूस वेचलेला, ट्रॅक्टर चालवलेला माणूस. ते गाताना वाजवत नसत. गाऊन थांबायचे, मग गिटार बोलायची. गिटारला त्यांनी नाव दिलं होतं ल्युसिल. १९४९ साली आर्कान्सात एका नाचगाण्याच्या ठिकाणी दोन पुरुष मारामारी करताना रॉकेलचा डबा कलंडला, आग लागली, आणि किंग गिटार आणायला जळत्या घरात परत शिरले. मागाहून कळलं, भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून ते नाव. त्या ल्युसिलला कुणी काही विचारलं होतं की नाही, ते मात्र कुणी सांगत नाही!

आता वीज कुठून आली? दक्षिणेतले हे लोक शेतं सोडून शिकागोसारख्या शहरांत कारखान्यांच्या कामाला गेले. मडी वॉटर्स १९४३ साली गेले. तिथल्या गर्दीत, गोंगाटात साधी लाकडी गिटार कुणाला ऐकू जाणार? विजेच्या गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबक असतो, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज थरथरते, ती ॲम्प्लिफायर मोठी करतो. ॲम्प्लिफायर फार चढवला की आवाज फाटतो, खरखरीत होतो. आधी तो दोष समजला जायचा. पुढं ब्लूज-रॉकवाल्यांनी तोच फाटका आवाज मुद्दाम घेतला, कारण रडणाऱ्या, ओरडणाऱ्या गळ्याच्या तो जवळ जातो. आमच्यातल्या एकीची शंका होती, बांगड्या वाजतील का? फारशा नाही. त्या चुंबकाला पोलाद कळतं, काच कळत नाही.

ही विजेची गिटार सुरुवातीलाच हातात घेणाऱ्यांत मेम्फिस मिनी होती. खरं नाव लिझी डग्लस. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी १९४२ सालच्या शेवटच्या रात्री तिला शिकागोच्या एका क्लबात ऐकलं आणि वर्तमानपत्रात लिहिलं. ती बर्फाच्या कपाटावर चढून बसली होती आणि तिचा आवाज त्यांना वेल्डिंगच्या यंत्रांसारखा, लोखंडाच्या गिरणीसारखा वाटला होता. बिग बिल ब्रूंझी या नावाजलेल्या वादकानं आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय की गिटारच्या पैजेत मिनीनं त्याला हरवलं.

तर असा सोलो शिकायचा कसा?

आधी ऐकायचा. इतका ऐकायचा की भाकरी थापताना तोंडात यावा. मग तोंडानं म्हणायचा, ला-ला करून का होईना. जे तोंडानं नीट म्हणता येत नाही ते बोटांत येत नाही, कारण पुढचा सूर कुठला हेच डोक्यात पक्कं नसतं. तोंडात बसला की तुकडे करायचे, अगदी तीन-चार सुरांचे. त्या ताईंची लेक बहुधा इथंच आहे.

मग ते सूर गिटारच्या दांडीवर शोधायचे. इथं जरा बरं आहे, कारण ब्लूजचं बरंचसं वादन पाच सुरांत असतं. भजनात पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगतो, सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. आपल्याकडचा धानी राग याच सुरांचा. हे सूर दांडीवर चार बोटांच्या पसाऱ्यात, एकेका तारेवर दोन-दोन असे सापडतात. तेवढी जागा हाताला पाठ झाली की हजार तुकडे तिथंच निघतात.

पण पाच सुरांनी काम भागत नाही. ब्लूजचा खरा सूर कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधे कुठंतरी असतो. पेटीवर तो निघणारच नाही, तिथं पट्टीच नाही. गिटारवर तार बोटानं बाजूला ओढली की सूर चढत जातो, आपल्या सतारीच्या मिंडीसारखा. शिकणाऱ्याचे महिने इथं जातात. एका बोटाचं बळ पुरत नाही. अनामिकेनं तार दाबायची, मधलं बोट आणि पहिलं बोट तिच्या मागं लावायचं आणि तिघांनी मिळून ओढायचं. किती ओढायची? आधी दोन पडदे पुढचा सूर साधा वाजवून कानात घ्यायचा, मग मागं येऊन तार ओढत त्या सुरापर्यंत न्यायची. कमी पडली तर आवाज रडका होतो, जास्त गेली तर बेसूर. ओढलेला सूर तिथं धरून हलवणं ही त्यापुढची पायरी. बी. बी. किंग यांच्या नात्यातला बुका व्हाइट तारेवर लोखंडी नळी घसरवून वाजवायचा. किंग यांना ते जमेना, म्हणून ते बोटानंच तार थरथरवायला लागले, आणि तीच त्यांची ओळख झाली.

वेगाचं काय? पूर्वी तबकडी मिनिटाला ३३ फेरे घ्यायची, आणि काही यंत्रांवर १६ फेऱ्यांचीही सोय असायची. तिथं लावली की गाणं निम्म्या वेगानं चालायचं. सूर एक सप्तक खाली उतरायचा, पण बोट कुठून कुठं गेलं ते कळायचं. आता मोबाइलवर सूर न उतरवता वेग निम्मा करता येतो. निम्म्या वेगात दहा वेळा न चुकता आलं की थोडा वाढवायचा. पायानं ठोका धरायचा, तो सोडायचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी बघणाऱ्याला दिसत नाही. विजेच्या गिटारवर एक तार वाजते तेव्हा बाकीच्या पाच गप्प ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या घुमायला लागतात. उजव्या तळव्याची कड आणि डाव्या हाताची मोकळी बोटं सारखी हेच काम करत असतात. अर्धी मेहनत गप्प बसवण्यात जाते म्हणा ना.

बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखतात, मग घट्टे पडतात. खुरपं धरणाऱ्यांना हे नवं नाही. बारीक, नऊ नंबरच्या तारा लावल्या तर त्रास कमी होतो. आणि विजेची जोडणी काढली की ही भरीव लाकडाची गिटार जेमतेम वाजवणारीलाच ऐकू येते. घर झोपल्यावर वीस मिनिटं मिळत असतील तर सासूबाई जाग्या होणार नाहीत.

शिकताना तुकडा कुणाचा, हेही शिकावं असं आम्हाला वाटतं. इंग्लंडच्या एरिक क्लॅप्टनला आजीनं, रोझनं वाढवलं. तो मुलगा तबकड्या ऐकून वाजवायचा, टेपरेकॉर्डरवर स्वतःचं वादन भरायचा आणि मूळ तबकडीशी ताडून बघायचा. १९६८ साली त्यानं वाजवलेला 'क्रॉसरोड्स'मधला सोलो आजही जगभरची मुलं शिकतात. ते गाणं रॉबर्ट जॉन्सननं १९३६ साली गायलेलं, आणि जॉन्सन दोनच वर्षांनी, सत्तावीस वर्षांचा असताना मेला. मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा जो मकॉय यांनी १९२९ साली केलेलं गाणं लेड झेपलिननं १९७१ साली घेतलं आणि ते जगभर गाजलं. मिनी तेव्हा म्हातारी, आजारी, गरीब होती. ती १९७३ साली गेली. त्याच वर्षी रोझेटाही गेली. दोघींच्या कबरींवर नावाचा दगड नव्हता. मिनीचा दगड १९९६ साली बसला, त्याचे पैसे बॉनी रेट या गिटारवादक बाईनं दिले. रोझेटाच्या दगडासाठी २००८ साली गाण्याचा कार्यक्रम करून पैसे जमवावे लागले. जिवंत होती तेव्हा लोक तिचं कौतुक करायचे ते काय, तर बाप्यासारखी वाजवते. तिच्या मागून आलेले किती बाप्ये तिच्यासारखं वाजवत होते, याचा हिशोब उशिरा झाला. रॉक अँड रोलच्या मानकऱ्यांत तिचं नाव लागलं ते २०१८ साली.

आता तिचंच एक वादन लावतो. १९६४ चा मे महिना, इंग्लंडमधलं मँचेस्टर. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या एका फलाटावर रोझेटा, रुळांपलीकडच्या फलाटावर माणसं. पाऊस येऊन गेलाय, म्हणून तिनं आयत्या वेळी पावसाचंच गाणं धरलं. अंगात लांब कोट, गळ्यात पांढरी गिटार, वय एकोणपन्नास. मधे ती गायची थांबते आणि गिटार बोलते. पहिल्यांदा नुसतं ऐका. तिनं कुठं वाजवलं नाही, तिकडंही कान असू द्या. लगेच दुसऱ्यांदा लावणार आहोत, तेव्हा तेवढा तुकडा तिच्याबरोबर तोंडानं म्हणून बघा.