चार चाके आणि बर्फाचा चढ



१९८६ साली फिनलंडमधील काइपोला येथे, स्कीवरून उडी मारण्याच्या उतरंडीवर, एक ऑडी मोटार खालून वर चढली. चढ सुमारे साडेसदतीस अंशांचा! इंजिनाचा जोर चारी चाकांना मिळाला म्हणून हे साधले, असे आपण म्हणतो. ते अर्धेच सत्य. जोर इंजिनाचा, पकड मात्र टायर आणि बर्फ यांमधील घर्षणाची. २००५ साली तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा टायरांना खिळे होते आणि सुरक्षेसाठी दोरही होता. साधे टायर तेथे घसरलेच असते. शिवाय चढलेल्याला उतरावे लागते. आणि ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारी चाकांना असतात! तेव्हा बर्फात निघताना आधी टायर पाहावेत. इंजिनाची फुशारकी मागाहून.