पिशवी काढण्यापूर्वीं विचारा

(सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनीं, 24 सप्टेंबर रोजीं, ऊसतोड मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



दसरा झाला कीं टोळ्या निघतील. मुकादमाची उचल घरोघर पोंचली आहे. म्हणून आज बायकांच्या दुखण्याविषयीं बोलणार आहें. पुरुषांनीं उठून जाऊं नये. हें ऐकणें त्यांचेंच काम आहे.

1863 सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. जिला समाजानें दार लावलें, त्या विधवेच्या बाळंतपणाची त्यांनीं सोय केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं दत्तक घेतला; तो पुढें डॉक्टर झाला. आज दवाखाने झाले, कायदे झाले. मग आमच्या बाईच्या वाटेंत आडवें कोण येतें?

पहिला आडवा येतो तो खाडा. नवराबायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस दवाखान्यांत गेली तर मजुरी बुडते, वर दंड उचलींत मांडला जातो. पाळी असो, सातवा महिना असो, मोळी डोक्यावर! कोपीला न्हाणी नाहीं, संडास नाहीं. अंगावरून पांढरें जातें, ओटीपोट दुखतें, आणि बाई तें सहा महिने अंगावर काढते.

दुसरें आडवें येतें तें भय. गांवीं परतल्यावर कोणी खासगी डॉक्टर म्हणतो, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका." माझ्या वर्गांतील एका मुलीच्या आईला बत्तिसाव्या वर्षीं असेंच सांगितलें. तपासणीचा कागद एकही नव्हता. ऑपरेशनासाठीं तिनें पुन्हा उचल घेतली, आणि ती फेडण्यासाठीं अंग भरून येण्याआधींच फडावर गेली. पूर्वीं भटजी ग्रहांचें भय घालून दक्षिणा घेत. आतां भय कॅन्सरचें आहे, एवढाच फरक.

ही एका घरची गोष्ट नव्हे. 2019 सालीं सरकारी समितीनें बीड जिल्ह्यांत 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरांत जवळजवळ सतरा!

तिसरे आडवे येतों ते आपण. बैल लंगडला तर त्याच दिवशीं ढोरांचा डॉक्टर आणतों. बायको वांकून चालते तर म्हणतों, बायकांचें असतेंच. सासूही म्हणते, आम्ही नाहीं का काढलें?

तर ध्यानांत ठेवा. पांढरें जाणें पुष्कळदां जंतूंमुळें असतें व औषधानें बरें होतें. पिशवीबरोबर बीजकोष गेले तर तरुणपणींच हाडें ठिसूळ होऊं लागतात. कॅन्सरची शंका असेल तर आधीं तपासणी, मग सुरी. कोणी काढा म्हटलें तर कागद मागा व जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. सरकारी दवाखान्यांत 2011 पासून बाळंतपण, औषध, जेवण व नेण्याआणण्याची गाडी फुकट आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस गरोदर बाईची खास तपासणी फुकट होते. कारखान्याच्या गांवींही हा हक्क तुमचाच आहे.

निघण्यापूर्वीं प्रत्येक बाईची तपासणी करून घ्या. आणि मुकादमास एकच अट घाला : दवाखान्याच्या दिवसाचा खाडा लागणार नाहीं. एकट्यानें म्हटलें तर तो हंसेल. सगळी टोळी बोलली तर त्याला ऐकावें लागेल. तुमच्या कोयत्यावांचून त्याचा फड तुटत नाहीं.

मध्यस्थावांचून देवाला हांक मारावी, असें सत्यशोधकांनीं शिकविलें. डॉक्टरलाही न भितां प्रश्न विचारावा, हें आज आपण शिकूं या.

सत्याचा जय असो.