विनतेचे दुसरे अंडे



महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या दोन भगिनींची कथा येते. कद्रूला सहस्र अंडी झाली, विनतेला दोनच. दासींनी ती सारी अंडी उबदार भांड्यांत जपून ठेवली. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटून सर्प बाहेर आले. विनतेचा धीर सुटला आणि तिने आपले एक अंडे फोडले. आत अरुण होता. त्याचे अर्धेच शरीर घडले होते. तुझ्या उतावीळपणाने मी अपूर्ण राहिलो, असा ठपका ठेवून त्याने मातेला दास्याचा शाप दिला. दुसऱ्या अंड्यासाठी तरी धीर धर, असेही त्याने बजावले. त्या दुसऱ्या अंड्यातून गरुड जन्मला.

ही कथा म्हणजे विज्ञानाचा पुरावा नव्हे. तसा दावा करण्याचे कारणही नाही. परंतु अंडे मातेच्या देहाबाहेरच्या उबेवरही वाढू शकते आणि त्या वाढीला स्वतःचा काळ असतो, या दोन गोष्टी कथाकाराच्या मनात पक्क्या होत्या. दुर्मीळ पक्ष्यांची अंडी उबवणाऱ्या आजच्या शास्त्रज्ञांचा सारा खटाटोप याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

यंत्र आणि माता

पुणेकरांना उबवणी यंत्र नवे नाही. देशातील कुक्कुटपालनाला आधुनिक वळण देणाऱ्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाचा कारभार याच शहरातून चालतो. तापमान सुमारे साडेसदतीस अंश, आर्द्रता नेमून दिलेली, अंड्यांचे ट्रे ठरावीक वेळाने कललेले. एकविसाव्या दिवशी हजारो पिले एकदम बाहेर. मग माळढोकाच्या अंड्याचे एवढे कौतुक कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे.

उत्तर सोपे आहे. हजार अंड्यांतली पन्नास वाया गेली तर कोंबडीच्या धंद्यात तो हिशेबातला तोटा असतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एका विणीत बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ चार आठवडे एकटीच उबवते. जगात उरलेले हे पक्षी दीडशेच्या घरात आहेत. तेथे एक अंडे गमावणे म्हणजे वंशाचा एक धागा तुटणे होय.

म्हणूनच येथे यंत्राला मातेकडे शिकवणीला जावे लागते. पक्षिणीच्या पोटावर विणीच्या काळात पिसे झडून उघड्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या त्वचेचा पट्टा तयार होतो. अंड्याला ऊब मिळते ती वरून, त्या स्पर्शाने. चहूबाजूंच्या गरम हवेने नव्हे. काही यंत्रांत त्यासाठी उबदार हवेने फुगणारे मऊ आवरण अंड्यावर टेकते. माता चोचीने अंडे वारंवार फिरवते, त्यामुळे गर्भ कवचाच्या आतील पडद्यांना चिकटत नाही. ती चरायला उठते तेव्हा अंडे थोडे निवते. काही केंद्रांत तेवढा गारवाही मुद्दाम दिला जातो. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी उडून अंड्याचे वजन साधारण सातव्या हिश्श्याने घटावे लागते. कमी घटले तर पिलाला फुप्फुसाने पहिला श्वास घेण्यापुरती हवेची पोकळी मिळत नाही. अधिक घटले तर ते आत सुकते. म्हणून अंडे रोज तोलायचे, दिव्यासमोर धरून पाहायचे आणि त्याप्रमाणे आर्द्रता बदलायची. इंग्लंडमध्ये तर गिधाडाच्या घरट्यात संवेदक बसवलेले बनावट अंडे ठेवून मातेच्या उबेची आणि अंडे फिरवण्याची नोंद घेण्याची योजना आखली गेली.

सम आणि पिंजोर

भारतीय वन्यजीव संस्था, केंद्र सरकार आणि राजस्थान सरकार यांच्या प्रयत्नांतून २०१९ मध्ये जैसलमेरजवळ सम येथे वाळवंटातून उचललेली माळढोकाची अंडी उबवण्यास आरंभ झाला. अबुधाबीच्या हुबारा संवर्धन निधीचे तंत्रसाहाय्य मिळाले. पुढे रामदेवरा येथे दुसरे केंद्र उभे राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. दोन्ही केंद्रांतील पक्ष्यांची संख्या साठाच्या पुढे गेली आहे.

गिधाडांची कथा अशीच आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे त्यांचा संहार झाला. २००६ मध्ये पशुवैद्यकातील या औषधावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रजनन केंद्र उभारले. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ते लवकर काढून घेतले तर बऱ्याचदा त्याच हंगामात दुसरे घालते. पहिले यंत्रात आणि दुसरे मातेच्या पोटाखाली, अशी पिले वाढवण्याची वाट त्यामुळे खुली झाली. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची गिधाडे महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली.

अंड्यानंतरचे घरटे

तथापि कवच फुटले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. अनेक पक्ष्यांची पिले जन्मल्यावर प्रथम दिसणाऱ्या पालकाची खूण मनात ठसवतात. तो पालक माणूस असेल तर पुढे जोडीदार निवडतानाही घोटाळा होतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया कॉन्डॉर १९८२ मध्ये अवघे बावीस उरले होते. त्यांची पिले भरवताना माणूस आडोशाला राहिला आणि हातात कॉन्डॉरच्या मुखाची बाहुली घातली. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे.

आणि याहून मोठा प्रश्न पुढे उभा आहे. ही पिले सोडायची कोठे? सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र पुढे बाराशेच्या आसपास आणले गेले. जेथे थवे दिसत, तेथे आता एखाद्या पक्ष्याचे दर्शनही दुर्लभ आहे. राजस्थानात विजेच्या तारा या जड पक्ष्याचा काळ ठरल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

पुण्याच्या पूर्वेस सासवड, सुपे, इंदापूर या बाजूला अजूनही गवताळ माळ आहेत. सरकारी दप्तरात असल्या जमिनीची गणना बहुधा ‘पडीक’ अशी होते. त्यावर झाडे लावावीत, प्लॉट पाडावेत, सौरपट्ट्या मांडाव्यात असे सर्वांनाच वाटते. परंतु चिंकारा, लांडगा, धाविक यांचे ते भरले घर आहे. मेंढपाळांना हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. माळरानाला पडीक म्हणणे म्हणजे घरट्याला काडीकचरा म्हणण्यासारखे आहे.

संस्कृतात पक्ष्याला ‘द्विज’ म्हणतात. एकदा अंडे म्हणून आणि पुन्हा कवच फोडून, असा त्याचा दोनदा जन्म होतो. यंत्र त्या दोन जन्मांमधले अंतर सुखरूप पार करून देईल. दुसऱ्या जन्मानंतर पाय टेकायला जमीन देणे मात्र यंत्राच्या हाती नाही. ते समाजाच्या हाती आहे. माळढोकाच्या बाबतीत पहिले अंडे उतावीळपणाने फुटून गेले आहे. दुसरे अद्याप उबेत आहे. ते पूर्ण वाढू द्यायचे असेल, तर विनतेने जे उशिरा शिकले ते या पिढीला वेळेवर शिकावे लागेल.