ड तुकडीचा प्रशिक्षक

(डिसेंबर २०२५ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला खेळावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. रविवारी सकाळी मी शाळेच्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली. मी खालिद जमील यांच्याबद्दल बोलणार आहे. ते आपल्या शाळेतले नव्हेत, पण आपल्याच वयाचे आहेत. जन्म २१ एप्रिल १९७७, कुवेतमधला. आपण आठवीत होतो तेव्हा इराकनं कुवेतवर हल्ला केला. आपण तो टीव्हीवरच्या बातम्यांत पाहिला. जमील कुटुंबाला मात्र त्या युद्धामुळे भारतात यावं लागलं.

पुढे ते मुंबईत खेळले. मधल्या फळीत, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून. भारताकडूनही खेळले. पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, खेळणं थांबलं. शेवटचा संघ होता मुंबई एफसी. त्याच संघानं त्यांना प्रशिक्षक केलं.

इथे उपस्थित शिक्षकांना एक गोष्ट मी सांगायची गरज नाही. जे आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवता येतंच असं नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा प्रत्येक जण गणिताचा चांगला शिक्षक होत नाही. खेळाडूला स्वतःचा पाय कळला की भागतं. प्रशिक्षकाला अकरा जणांचे पाय, अकरा जणांची भीती आणि बाकावर बसलेल्यांचा रुसवाही कळावा लागतो.

आणि खालिद यांच्या वाट्याला नेहमी ड तुकडी आली. आपल्या वेळी ड तुकडीला काय मान होता ते इथे सगळ्यांना आठवत असेल! मुंबई एफसीकडे पैसा कमी, मोठी नावं कमी. असा संघ घेऊन ते सात वर्षं आय-लीगमध्ये टिकले. त्यांचा खेळ देखणा नसे. आधी गोल खायचा नाही, मग संधी मिळाली की पुढे धावायचं. लोक नावं ठेवत, पण संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही.

२०१६ मध्ये त्यांचं आणि मुंबई एफसीचं नातं संपलं. ते मिझोरामला आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आधीच्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याच्या दोन क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. म्हणजे एटीकेटी लागलेला संघ. खालिद यांनी मुंबई एफसीत हाताखाली तयार झालेले जयेश राणे, आशुतोष मेहता असे खेळाडू सोबतीला घेतले. त्याच हंगामात आयझॉल विजेता ठरला. ३७ गुण. दुसऱ्या क्रमांकाच्या मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातल्या क्लबनं राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. कोलकात्याला ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. मग गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. २०२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर संघ हाती आला आणि त्यांनी तो उपांत्य फेरीत नेला. त्याच वर्षी ते आयएसएलमधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. तोवर त्या खुर्चीवर परदेशी माणूसच बसवायचा, असा जणू नियम होता. मग जमशेदपूर. आणि १ ऑगस्ट २०२५ ला ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्याच्या साविओ मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे २०१२ नंतर, प्रथमच कायमस्वरूपी भारतीय माणूस.

महिन्याभरात त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर नमवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून आपण १-२ असे हरलो आणि २०२७ च्या आशिया कपचं दार बंद झालं. गेल्या महिन्यात ढाक्याला बांगलादेशकडूनही हार झाली. निकाल लागला की प्रशिक्षकाचं कौतुक संघात वाटलं जातं आणि अपयश एकट्याच्या नावावर लागतं. शिक्षकांचंही तसंच असतं, नाही का?

आता माझा मुद्दा. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला. मुंबई एफसी २०१७ मध्ये बंद पडला. ज्या माणसाला या शहरानं घडवलं, त्याचे इथले संघ असे एकेक करून गेले. त्यांनी शिकवलेली मुलं मात्र खेळत राहिली. संघ, जर्सी, चषक जातात. शिकवणारा माणूस जे पेरतो ते उरतं.

आज दुपारी आपल्या बॅचच्या निधीचं काय करायचं ते ठरणार आहे. स्मार्ट बोर्ड आणि सभागृहाचे पडदे असे दोन प्रस्ताव आहेत, दोन्ही चांगले आहेत. मी तिसरा मांडतो. आपल्या वेळी चार तुकड्या होत्या, आज एक भरताना शाळेची दमछाक होते. जी मुलं येतात त्यांच्या घरून महिन्याला अकादमीची फी भरली जाणं शक्य नाही. मुंबई सिटीचे सामने होतात ते शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल अंधेरीतच आहे. सामन्याच्या संध्याकाळी तिथला गलका आपली मुलं रस्त्यावरून ऐकतात. मैदान आहे, बॉल आहेत. रोज येणारा शिकलेला प्रशिक्षक नाही. माझा रविवार त्याला पुरत नाही.

आपल्याच शाळेतून गेलेली, विशीतली दोन मुलं अजून डिव्हिजनमध्ये खेळतात. त्यांना शिकवायची आवड आहे. परवान्याच्या अभ्यासक्रमाचे पैसे नाहीत. त्यांना भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना मिळवून द्यावा आणि तीन वर्षं शाळेच्या मैदानावर मानधन द्यावं, एवढीच माझी विनंती आहे. डी ही खालची पायरी, वर सी, बी, ए आणि शेवटी प्रो. खालिद जमील त्या प्रोपर्यंत पोहोचले. आपली दोघं कुठवर जातील ते मी सांगू शकत नाही. पण रोज संध्याकाळी साडेपाचला मैदानावर कुणीतरी शिट्टी घेऊन उभं असेल, एवढं आपल्या हातात आहे.

मत देताना याचा विचार व्हावा.